बाहेरूनच लागणारी किल्ली

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी टोकियोतल्या तोयोसूच्या ऑफिसात एका ग्राहकाला त्याच्या सॉफ्टवेअरमधली चूक समजावून सांगत होते. फोन पालथा ठेवला होता. मीटिंग संपल्यावर बघितलं तर अरुणकाका पुन्हा पुन्हा फोन करत होते. काका म्हणजे आत्याचे यजमान. ते स्वतः कधी फोन करत नाहीत, आत्याच्या फोनवर मागून “जेवलीस का गं?” एवढंच ओरडतात. मी लिफ्टजवळच्या कोपऱ्यात उभी राहून फोन लावला. “वसू गेली,” ते म्हणाले. मग म्हणाले, “तिच्या टेबलावर त्या किल्ल्या आहेत. त्यांचं काय करायचं ते तूच येऊन बघ. मला त्यातलं काही कळत नाही.”

पुढच्या रविवारी कोबेच्या त्यांच्या घरी माणसं जमली. विद्यापीठातले तिचे सहकारी आले, पिढ्यान्‌पिढ्या कोबेत राहिलेल्या व्यापारी कुटुंबांतले लोक आले, आपली मराठी मंडळी आली. प्रत्येकाच्या तोंडी एकच गोष्ट होती. त्सुनामीत घरं वाहून गेलेल्या माणसांना वसुधाताई त्यांच्या जुन्या, गंजलेल्या किल्ल्या ओळखून द्यायच्या. एक बाई डोळे पुसत म्हणाल्या, “त्यांनी लोकांना त्यांची घरं परत दिली हो!” मग सगळे माझ्याकडे वळले. मी लिहिते, तेव्हा मी बोलावं अशी अपेक्षा. मी उभी राहिले, आत्याच्या हातच्या आमटीबद्दल काहीतरी बोलले आणि खाली बसले. ज्या एका किल्लीबद्दल बोलायला हवं होतं तिचं नाव त्या खोलीत काढायची मला लाज वाटली. आत्याच्या वतीनं वाटली, माझ्या स्वतःच्या वतीनंही वाटली. आता काही आठवडे उलटून गेलेत, आणि ती लाज अजून तशीच आहे…

आत्या धातूंवर संशोधन करायची. समुद्रकाठचं लोखंड का आणि कसं गंजतं, या एका प्रश्नात तिनं उमेदीची सगळी वर्षं घातली. लग्न करून ती कोबेला आली ती नवऱ्याच्या नोकरीमागे, आणि मग तिथल्या विद्यापीठात तिनं आपली जागा स्वतः मिळवली. कोबेचा भूकंप तिनं भोगला होता. त्यात त्यांचं भाड्याचं घर बसलं, आणि त्यानंतर कित्येक महिने ती नसलेल्या घराची किल्ली पर्समध्ये घेऊन फिरायची, असं काका सांगतात. ती स्वतः हे कधी सांगायची नाही. विचारलं तर म्हणायची, “पर्स आवरायला वेळ कुठे होता?”

२०११ च्या त्सुनामीनंतर ईशान्येच्या किनाऱ्यावर चिखलातून वस्तू निघायला लागल्या. स्वयंसेवक त्या धुऊन, वाळवून शाळांच्या व्यायामशाळांत मांडून ठेवायचे. आठवणींच्या वस्तू, असंच त्यांना म्हणत. फोटो होते, शाळेची दप्तरं होती, देव्हाऱ्यातल्या मूर्ती होत्या. प्रत्येक वस्तूला एक चिठ्ठी बांधलेली, ती काय आहे आणि कुठे सापडली हे सांगणारी. फोटो ओळखायला माणसं होती, पण किल्ल्यांच्या खोक्यांकडे कुणी वळेना. खाऱ्या पाण्यातलं लोखंड बाहेर काढलं की हवेत त्याचे भराभर पापुद्रे सुटायला लागतात. कुणीतरी आत्याला विचारलं, “मीठ कसं काढायचं?” ती बघायला म्हणून गेली आणि मग जातच राहिली. सुट्टी मिळाली की बुलेट ट्रेन, पुढे बस, आणि त्या किनाऱ्यावरचं एक गाव. त्या गावाचं नाव मी लिहिणार नाही. का, ते पुढे येईल.

ती किल्ल्या औषधी पाण्यात आठवडेच्या आठवडे भिजवून ठेवायची, जुन्या दातांच्या ब्रशनं आणि बांबूच्या काडीनं गंज काढायची, आणि आकार मोकळा झाला की ती कशाची होती हे शोधायला बसायची. मला हे वेड आधी हास्यास्पद वाटलं होतं. ज्यांची घरंच उरली नाहीत त्यांना किल्ल्या कशाला? पण मी नोकरीसाठी जपानला आल्यावर पहिल्याच शरद ऋतूत तिनं मला तिकडे ओढून नेलं, तेव्हा बघितलं. माणसं रांगेत उभी होती. हाताएवढी लांब, टोकाला आकडा असलेली लोखंडी सळई म्हणजे मातीच्या कोठाराची किल्ली. फुलपाखरासारखी दोन पंख असलेली, आत चौकोनी भोक असलेली ही कुलपाची नाहीच, भिंतीवरच्या घड्याळाला चावी द्यायची. करंगळीच्या नखाएवढी चपटी, ती शिलाई मशीनच्या झाकणाची. एक आजी मूठ घट्ट मिटून आली आणि म्हणाली, “सेन्सेई,” म्हणजे आपल्या शाळेतल्या ‘बाई’, “ही माझ्या नवऱ्याच्या तिजोरीची. उभ्या जन्मात हात लावू दिला नाही मेल्यानं!” आत्यानं ती उलटीसुलटी करून पाहिली. “आजी, हिनं माशांचा पत्र्याचा डबा उघडतात.” आजी एवढ्या मोठ्यानं हसली की शेजारच्या टेबलावरच्या बायका फोटो सोडून बघायला लागल्या. “मग बरोबर आहे. तिजोरीत तेवढंच असणार त्याच्या!”

माझ्याबद्दल एक गोष्ट इथे सांगायला हवी. माझ्या बाबांचा, म्हणजे आत्याच्या धाकट्या भावाचा, मिरजेला छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका छापून घर चालायचं आणि उरलेल्या कागदावर यंत्रमाग कामगारांची पत्रकं निघायची. मी बाराखडी गिरवली ती त्या पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर. बाबांचं एक वाक्य आमच्या घरात मिठासारखं रोजचं होतं: “जे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही, तेच छापायचं.” आत्याही त्याच घरातली. फक्त ती छापायची नाही, चिठ्ठ्या लिहायची.

त्या शरदात तिच्या टेबलावर एक जड गोष्ट आली. जुन्या लाकडी जाळीच्या दाराचा तुकडा, मनगटाएवढे जाड चौकोनी गज, त्यावर ठोकलेलं लोखंडी कुलूप, आणि कुलपात गंजून अडकलेली किल्ली. तिनं ती मागच्या वेळीच भिजत घातली होती. त्या दिवशी किल्ली सुटून हातात आली.

“सांग, कशाची?” तिनं मला विचारलं.

“कोठाराची.”

“का?”

“मोठी आहे म्हणून.”

“मोठी तर तूही आहेस. दांडी बघ.”

मी डोळ्याला लावून बघितली. दांडी नळीसारखी पोकळ होती.

“घराच्या दाराची किल्ली भरीव असते,” ती म्हणाली, “कारण ती बाहेरून लागायला हवी तशी आतूनही लागायला हवी. पोकळ किल्ली एकाच बाजूनं लागते. पेटीला असते, कपाटाला असते. कारण पेटीच्या आत कुणी बसत नाही…”

मग तिनं तो जाळीचा तुकडा उचलून खिडकीकडे नेला. खालच्या बाजूला एक वाडगा जाईल एवढीच फट होती, तिला वेगळी छोटी कडी. बाहेरच्या बाजूनं लाकूड खडबडीत होतं. आतल्या बाजूनं, हात पोचेल त्या उंचीवर, गज झिजून गुळगुळीत झाले होते.

तेव्हा मला तिनं सांगितलं की घरातल्या वेड लागलेल्या माणसाला सरकारी परवानगीनं घरातच कोंडून ठेवायचा कायदा या देशात होता. युद्धानंतर काही वर्षांनी तो गेला. “ही तसल्या खोलीची आहे,” ती म्हणाली. नेहमीसारखी एक चिठ्ठी घेतली, आणि तिच्या त्या शाळकरी, गोल जपानी अक्षरात लिहिलं: माणूस कोंडून ठेवायच्या खोलीचं कुलूप आणि किल्ली, फक्त बाहेरून उघडतं. खाली नियमाप्रमाणे सापडल्याची जागा. ती जागा म्हणजे एक लहानसा खाडीचा कोपरा, आणि त्या कोपऱ्यात कायम एकच घर होतं. हे गावात प्रत्येकाला ठाऊक होतं. आत्याला नव्हतं. तिच्या दृष्टीनं ती फक्त नोंद होती, आणि नोंद अर्धवट ठेवायची तिला सवय नव्हती.

मला तिचा विलक्षण अभिमान वाटला. एका अख्ख्या कायद्याचं पाप दोन ओळींत! मी बाबांना त्याच दिवशी फोन करून सांगितलं, आणि ते तिकडून “शाब्बास वसू!” म्हणून ओरडले.

दुसऱ्या दिवशी ओइकावा-सान आले. समुद्रात वाकामे नावाच्या शेवाळाची शेती करणारे, पंचाहत्तरीच्या आसपासचे, आडव्या बांध्याचे गृहस्थ. ते कशाच्याही शोधात आले नव्हते, शेजाऱ्यांबरोबर गप्पा मारत टेबलांवरून फिरत होते. त्या कुलपापाशी आले आणि थांबले. चिठ्ठी वाचली. टोपी काढली, पुन्हा वाचली. त्यांच्याबरोबरच्या दोन बायका एकदम शेजारच्या टेबलावरचे फोटो निरखायला लागल्या. ओइकावा-सान आत्यासमोर आले, कमरेत वाकले आणि म्हणाले, “तुम्हाला फार कष्ट पडले.” एवढंच. कुलूप न घेता, शेजाऱ्यांकडे न बघता ते निघून गेले.

ते घर कुणाचं होतं हे आत्याला तेव्हा कळलं, आणि तिनं ती चिठ्ठी सोडली. सोडताना दोऱ्याची गाठ तिला सुटेना, तेव्हा मी कात्री शोधायला धावले, आणि परत आले तर ती दातांनी दोरा तोडत होती. साठीची, मानाची प्राध्यापक बाई.

त्याच संध्याकाळी ती त्यांच्या तात्पुरत्या घरांच्या वसाहतीत माफी मागायला गेली. मलाही नेलं. त्यांच्या दाराबाहेर एक लांब बाकडं होतं. शेजारी रोज तिथे चहाला जमतात, असं वसाहतीत वाट दाखवणाऱ्यानं आम्हाला सांगितलं. बाकडं रिकामं होतं. ओइकावा-सानांनी आम्हाला आत घेतलं, चहा दिला, या वर्षी पाणी अजून थंड झालं नाही म्हणाले. आत्या जमिनीला कपाळ टेकवून माफी मागत होती आणि ते म्हणत होते, “छे छे, मान वर करा, चहा निवतोय.” कुलपाबद्दल चकार शब्द नाही. निघताना मी त्यांना विचारलं की बाहेर आज कुणी नाही का. “हल्ली निवांत असतं,” ते म्हणाले. एका दिवसाला ते हल्ली म्हणाले, हे मला बसमध्ये बसल्यावर कळलं.

त्यानंतर आत्या दर वसंतात, वाकामेची काढणी असते तेव्हा, त्यांच्याकडे जायची. पहिल्या वर्षी बाकडं रिकामं होतं. दुसऱ्या वर्षी बाकडं तिथून हलवलेलं होतं. ते पाण्याबद्दल बोलायचे, ती कोबेच्या हवेबद्दल बोलायची. लाकडावरून काढलेलं कुलूप आणि किल्ली तिनं कोबेला आणली, पूर्ण साफ केली, तेल घालून चालती केली, आणि टेबलावर ठेवली. त्यांनी कधी मागितली तर लगेच देता यावी म्हणून. आणि किल्लीला चिठ्ठी बांधायचं तिनं कायमचं सोडलं. किल्ल्या ती ओळखायचीच, पण कुणी समोर येऊन विचारलं तरच सांगायची, हळू आवाजात, त्याच माणसाला.

यावरून आमची दोघींची भांडणं झाली. फोनवर, तिच्या स्वयंपाकघरात, एकदा भर स्टेशनवर. “कायद्यानं माणसं डांबली, ते सांगायचंच नाही का?” मी म्हणायचे. ती म्हणायची, “सांग ना. कायद्याला सांग. त्या म्हाताऱ्याच्या दारावर का चिकटवतेस?” मी म्हणायचे, “तू घाबरलीस.” ती म्हणायची, “घाबरले नाही गं, लाजले. तुला फरक कळेल तेव्हा ये, मी चहा टाकते.” आणि वर पुस्ती, “बापाला पण घेऊन ये.” मी हरले असं मला तेव्हा वाटलं नाही. खरं सांगायचं तर आजही पुरतं वाटत नाही. ती चिठ्ठी खोटी नव्हती. त्यातला एक शब्द खोडावा असा नव्हता. आणि तरी तो रिकामा बाक डोळ्यांपुढे आला की माझ्याच घरातलं ते वाक्य मला मोठ्यानं म्हणवत नाही. या दोन्ही गोष्टी माझ्या मनात शेजारी शेजारी आहेत, आणि त्या एकमेकींशी बोलत नाहीत.

या वसंतात आत्या त्यांच्याकडे पोचली नाही, म्हणून ओइकावा-सानांनीच कोबेच्या घरी फोन केला. काकांनी त्यांना बातमी सांगितली. पुढच्या शनिवारी ते आले. एवढ्या लांबून, एकटे, पाठीवर पिशवी, पिशवीत वाळवलेलं वाकामे. मी टोकियोहून तिथे गेलेच होते. त्यांनी आत्याच्या फोटोपुढे उदबत्ती लावली, खूप वेळ हात जोडून बसले. काकांनी चहा केला. मला वाटलं, आता पाण्याबद्दल बोलतील. पण ते म्हणाले, “ते कुलूप बघता येईल का?”

मी त्यांना तिच्या खोलीत नेलं. टेबलावर दिवा होता, ब्रश होते, कापडावर कुलूप होतं, आत किल्ली. माझ्या तोंडून काहीतरी निघून गेलं, की आत्याला शेवटपर्यंत वाईट वाटत होतं, तिनं लिहायला नको होतं. ते मान हलवत राहिले. मग टेबलाजवळच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, “सेन्सेईंनी लिहिलं ते बरोबर होतं. गावात सगळ्यांना माहीत होतं. खाडीपलीकडच्या घरातली बाई त्या फटीतून उकडलेली रताळी आत द्यायची. तिचीच मुलगी माझ्या बाकड्यावर रोज चहाला यायची. साठ वर्षं आम्ही कुणीच तो विषय काढला नव्हता, म्हणून आम्हाला एकत्र बसता येत होतं. चिठ्ठी लागली, आणि त्यांना माझ्याकडे बघवेना. तिरस्कार नव्हता हो. लाज होती. त्यांच्या घरच्यांनीही पाहिलं होतं ना…” मग म्हणाले, “आता ती शेजारीण नव्या इमारतीत राहते. मी तिची वेळ चुकवून दुकानात जातो.”

बाबांच्या वाक्यात या बाईची, या बाकड्याची सोय नव्हती. जे सगळ्यांना माहीत आहे ते छापलं की काय तुटतं, हे पत्रकाच्या खाली कुठे छापलेलं नसतं.

त्यांनी कुलूप जवळ ओढलं. “लहानपणी हात लावू द्यायचे नाहीत,” म्हणाले. “जेवण द्यायचं काम माझं, पण किल्ली आईच्या कमरेला.” त्यांनी किल्ली फिरवली. आत्यानं केलेलं काम होतं, लोणी कापावं तशी फिरली. कडी सुटली. त्यांनी पुन्हा लावली नाही. किल्ली बाहेर काढून कापडावर ठेवली, आणि ते उघडं कुलूप आपल्या रुमालात बांधलं.

“किल्ली?” मी विचारलं.

“ती इथेच राहू दे. दोन्ही एका ठिकाणी नकोत.”

मग मला जे विचारायची सगळ्यात जास्त भीती होती ते मी विचारलं. हे मी लिहू का? माझ्या भाषेत, माझ्या लोकांसाठी. तुम्ही नको म्हणालात तर लिहिणार नाही. “माझं आडनाव चालेल, तिकडे अर्ध्या किनाऱ्याचं तेच आहे,” ते म्हणाले. “गावाचं नाव नको. शेजारणीला आणखी लाजवू नका. पण माझ्या ताईचं नाव लिहा. कायदा बदलला त्याच्या आदल्या हिवाळ्यात ती गेली. कियो. तिचं नाव कुठेच लिहिलेलं नाही.”

मी तिथे उभी होते आणि मला जमिनीत जावंसं वाटलं. त्या गजांची जाडी आम्हाला माहीत होती. किल्लीची दांडी पोकळ का, हे मी पाठ म्हणून दाखवलं असतं. त्या कायद्यावर मी तासभर भाषण ठोकलं असतं. चिठ्ठी असावी की नसावी यावर आत्या आणि मी वर्षानुवर्षं भांडलो, दोघी शहाण्या, दोघी तत्त्वाच्या. आत कोण होतं, त्याला काही नाव होतं का, हे आमच्यापैकी एकीनंही कधी विचारलं नाही. आत्यानं भिडेपोटी विचारलं नाही असं मी म्हणू शकते. मला तर ते सुचलंच नव्हतं. माझ्या लेखी तो बळी होता, आणि बळीला नाव लागत नाही…

आत्याची खोली काकांनी अजून आवरलेली नाही. बाकीच्या किल्ल्या मी खोक्यात भरून त्या गावी पाठवल्या, ही एक टेबलावर आहे. घरी येणारं कुणी ना कुणी ती उचलतंच, जड आहे, हातात छान बसते. “ही कशाची हो?” विचारतात. काकांना किल्ल्यांतलं अजूनही काही कळत नाही. ते चहाचा ट्रे खाली ठेवतात आणि सांगतात, “कियोची.”